काकूंची पोथी आणि माझी वही

मी दहा वर्षांची असताना आमच्या इमारतीतल्या अठरा बिऱ्हाडांवर पाळत ठेवून होते, आणि त्या अठराही बिऱ्हाडांना हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली इमारत होती. मजल्यावर सहा बिऱ्हाडं, समोरून लांबलचक गॅलरी, गॅलरीत दोऱ्या आणि दोऱ्यांवर कपडे. वाळत घातलेल्या गोधडीमागे उभं राहिलं की आपण दिसेनासे होतो, असा माझा ठाम समज होता. गोधडी माझ्या गुडघ्यापर्यंत यायची. गुडघ्याखालचे दोन काळे पाय आणि निळ्या पट्ट्यांच्या स्लिपर सगळ्या जगाला दिसत असणार. "ओली आहे ती, सर्दी होईल," असं कुणीतरी जाता जाता म्हणायचं, तेव्हा ते दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं समजून मी श्वास आणखी रोखून धरायची.

हे वेड वाचनालयाने लावलं. स्टेशनजवळच्या वाचनालयातून मी मुलांच्या गुप्तहेरकथा आणायची आणि एका दिवसात संपवून दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभी राहायची. त्या कथांमधल्या मुलांना गुहा मिळायच्या, ओसाड बंगले मिळायचे, दाढी लावलेले चोर मिळायचे. आमच्याकडे जिन्याखाली विजेचे मीटर होते. पण खऱ्या गुप्तहेराने परिस्थितीला दोष द्यायचा नसतो, म्हणून मी शंभर पानी वही घेतली, तिला ब्राउन पेपरचं कव्हर घातलं आणि शत्रूला संशय येऊ नये म्हणून लेबलावर लिहिलं, 'निबंध'.

वहीतल्या नोंदी अशा असायच्या. 'दुपारी तीन दहा. तळमजल्यावरची ताई छत्री घेऊन गेली. पाऊस नाही. संशयास्पद.' 'सव्वाचार. ताई परत आली. छत्री आहे. संशयास्पद.' हा शब्द मी नुकताच शिकले होते आणि तो वापरायला मला दिवस पुरत नव्हता. आमच्या आईने दोनदा चहा केला तरी तो संशयास्पद असायचा.

एक केस मात्र मी खरोखर सोडवली होती. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना डायबेटिस होता आणि ते दुपारी सगळे झोपले की डब्यातला गूळ काढून खायचे. मी तीन दिवस पाळत ठेवली आणि चौथ्या दिवशी त्यांच्या सुनेला सविस्तर अहवाल दिला. डबा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं. आजोबा त्यानंतर मला बघितलं की तोंड फिरवायचे. ते माझ्या बुद्धीला घाबरतात, असा मी त्याचा अर्थ लावला. वहीत लिहिलं, 'केस सुटली', आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्यानंतर माझी नजर शेजारच्या काकूंवर गेली.

काकू मालवणकडच्या. काका गिरणीत होते. संपात गिरणी गेली आणि आता ते भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन होते. एकुलता एक मुलगा जहाजावर. काकू घरात मालवणी बोलायच्या आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की मराठी. आमच्या इमारतीत बँकेतल्या, शाळेतल्या, मंत्रालयातल्या बायका होत्या, त्यांच्यापुढे काकू एरवी फारशा बोलायच्या नाहीत. नळावर मागे उभ्या राहायच्या, सोसायटीच्या मीटिंगला जायच्याच नाहीत. पण मार्गशीर्ष लागला की चित्र पालटायचं. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी चौरंगावर कलश मांडला जायचा, सगळ्या मजल्यांवरच्या बायका जमायच्या आणि काकू महालक्ष्मीची पोथी वाचायच्या. काय आवाज होता! मध्येच अडखळणं नाही, खोकणं नाही. ऑफिसातून थेट आलेल्या बायका पर्स मांडीवर ठेवून डोळे मिटून ऐकायच्या. "पोथी ऐकावी तर यांच्या तोंडून," असं शाळेतल्या बाई दरवर्षी म्हणायच्या. वर्षातून ते चार गुरुवार काकू ताठ बसायच्या.

अशा बाईवर संशय का घ्यावा? तर माझ्याकडे पुरावे होते. जहाजावरच्या मुलाचं परदेशी तिकिटाचं पाकीट दुपारच्या टपालाने आलं, तरी काकू ते फोडायच्या नाहीत. दोनदा उलटसुलट करून बघायच्या, पदराने पुसायच्या आणि देवाच्या फोटोमागे ठेवून द्यायच्या. काका संध्याकाळी आले की दार लोटलं जायचं आणि आतून काकांचा हळू आवाज यायचा. दुसरा पुरावा: बसवर पाटी असली तरी त्या शेजारच्याला विचारायच्या, "ही भांडुपला जाते ना?" तिसरा: पोस्टमनच्या रजिस्टरवर सही करताना त्या पाटावर रांगोळी काढावी तसं एकेक अक्षर काढायच्या आणि मध्ये पेन उचलून बघायच्या.

दहा वर्षांच्या कुठल्याही बऱ्या डोक्याच्या मुलीला यातून काय ते कळलं असतं. मी निष्कर्ष काढला की काकू सोन्याच्या स्मगलिंगमध्ये आहेत. पाकिटात सांकेतिक भाषेतला निरोप, बसचा प्रश्न हा परवलीचा शब्द, आणि सही खोटी, म्हणून इतका वेळ लागतो. जहाज तर होतंच. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते.

त्या वर्षी मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मी काकूंच्या पलंगाखाली शिरले. खरं तर मला आमंत्रण होतं. इमारतीतल्या सगळ्याच पोरींना असायचं, प्रसादाला. मी समोर सतरंजीवर बसून सगळं बघू शकले असते. पण आमंत्रण स्वीकारणारा गुप्तहेर मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. म्हणून बायका यायच्या आधीच मी ट्रंक आणि पितळी घंगाळ यांच्यामध्ये पोटावर पडून राहिले. काकू पलंगाकडे पाठ करून पाटावर बसल्या. मला त्यांची कोपरं, स्टँडवरची पोथी आणि खूप धूळ दिसत होती.

पोथी त्या वर्षी नवी होती. जुनीची पानं सुटून आली होती म्हणून शाळेतल्या बाईंनी हौसेने दुसरी आणून दिली होती, मोठ्या अक्षरातली. "डोळ्यांना त्रास नको हो तुमच्या," असं म्हणाल्या होत्या. कहाणी तीच, पण अक्षरं मोठी म्हणून पानं जास्त.

काकूंनी सुरुवात केली. नेहमीसारखीच, अडखळणं नाही की काही नाही. मी मात्र गोष्ट ऐकत नव्हते, हात बघत होते, कारण निरोप हातानेच दिले जातात. ठरावीक वेळाने हात यायचा, पान उलटायचं. मग कहाणी संपली, बायकांनी मुठीतल्या अक्षता वाहिल्या, काकूंनी पोथी मिटून कपाळाला लावली. आणि मी पलंगाखाली ताडकन उठायला गेले आणि डोकं आपटून घेतलं. कहाणी संपली होती, पण पोथीची बरीच पानं उजवीकडे तशीच राहिली होती, न उलटलेली.

शेवटच्या पानांत सोन्याचा पत्ता असणार, यात मला शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी प्रसादाची वाटी परत करायच्या निमित्ताने मी काकूंकडे गेले आणि त्या आत वळल्या तेवढ्यात पोथी उघडली. त्या शेवटच्या पानांत पत्ता नव्हता. कहाणीच होती. काकूंनी काल म्हटलेला शेवट, शब्द न् शब्द तोच, त्या न उलटलेल्या पानांवर छापलेला होता. मग समोर दुसरंच पान उघडं असताना त्यांनी तो वाचला कसा?

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पाकीट, बस, सही, सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं. काकूंना पोथी तोंडपाठ होती. जुन्या पोथीचं पान कुठल्या शब्दाला उलटायचं, तेही पाठ होतं. फक्त वाचता येत नव्हतं.

या क्षणी मला वाईट वाटलं, असं लिहायला मला फार आवडेल. मला अत्यानंद झाला. धावत घरी येऊन मी वहीचं कोरं पान काढलं आणि वडिलांच्या लाल पेनने पोलिसी थाटात काकूंचं संपूर्ण नाव लिहिलं. पुढे: 'यांना वाचता येत नाही. पोथी पाठ आहे. सगळ्यांना फसवतात.' मोजून तीन ओळी. खाली दोन रेघा.

आता राहिला गौप्यस्फोट. माझ्या पुस्तकांमधले गुप्तहेर शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत जमवायचे आणि मग बोट रोखून सत्य सांगायचे. इथे तर जमवायचीही गरज नव्हती. पुढच्या गुरुवारी सगळी इमारत आपोआप जमणार होती, काकूंच्याच घरात. मी आरशासमोर बोट रोखायचा सराव केला. काकूंच्या त्या चार गुरुवारांचं पुढे काय होईल, त्या पुन्हा कुणासमोर ताठ बसू शकतील का, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नाही. डोक्यात फक्त बोट होतं.

मंगळवारी वही सापडेना. दप्तर, गादी, मीटरची खोली, सगळं पालथं घातलं. मग आठवलं. सोमवारी दुपारी काकू दळण आणायला गेल्या असताना मी आणखी पुराव्यासाठी पुन्हा पलंगाखाली गेले होते, वही घेऊन. परतताना वही नव्हती.

वही काकूंच्या घरात, आणि शेवटच्या पानावर ते लाल अक्षरातलं! मग एकदम लक्षात आलं, अरे, पण काकूंना कुठे वाचता येतं? आणि मी हसले. गॅलरीत उभी राहून, एकटीच, मोठ्याने हसले. वाचले बुवा!

ते हसू अजून माझ्या कानात आहे. कारण ते ओसरल्यावर मला पहिल्यांदा दिसलं, की माझी वही हातात धरून काकू आत्ता नेमक्या कशा बसल्या असतील. मुलाचं पाकीट हातात घेऊन बसतात तशाच. उलटसुलट करत. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी संध्याकाळी जेवले नाही. आईने एरंडेल काढलं. त्याला मी नाही म्हटलं नाही, ही माझ्या पश्चात्तापाची खूण समजावी.

बुधवारी शाळेतून आले तर काकू दारातच उभ्या. "ये गो," म्हणाल्या. घरात काका नव्हते. वही पलंगावर होती. मी सवयीने खाली वाकले असावे, कारण त्या म्हणाल्या, "खाली नको. खाटेर बस."

मी बसले. त्यांनी वही उघडली, थेट शेवटच्या लिहिलेल्या पानावर, आणि लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

"ह्या माझा नाव. येवढाच माका वाचूक येता." मग बोट पुढे सरकलं. "फुडे काय लिवलंस, वाचून दाखय."

काका रात्री विचारत होते ही वही कसली, असंही त्यांनी सांगितलं. त्यांनी काकांना उत्तर दिलं होतं, पोरीचे निबंध आहेत, राहू देत. म्हणजे काकांकडून वाचून घेणं हाताशी असताना त्यांनी घेतलं नव्हतं. माझ्याकडूनच ऐकायचं ठरवलं होतं.

मी वही हातात घेतली आणि वाचायला लागले. "काकू आमच्या शेजारी राहतात. त्या फार प्रेमळ आहेत. त्यांचा आवाज गोड आहे. त्या पोथी फार सुंदर वाचतात." एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. काकूंचे घावणे आले, त्यांची तुळस आली, जहाजावरच्या मुलाची त्या कशी वाट बघतात ते आलं, त्यांच्यासारखी शेजारीण सर्वांना लाभो, हेही आलं. वहीवर 'निबंध' लिहिलं होतं ते मी त्या दिवशी खरं केलं. संपवून वही मिटली आणि मान वर केली.

काकू माझ्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी सुगरण दुसरीची भाकरी बघते तसं बघत होत्या.

"तीन वळी लिवलंस आणि इतक्या वाचलंस?"

मी वहीच्या लेबलाकडे बघू लागले.

"आणि बघत होतंस खिडकीत. ढोंग करूचा तर नीट करूचा गो. डोळे पानार ठेवूचे. वळीवरसून फिरवूचे. आणि इतक्या लांब वाचलंस, तर मधी एकदा तरी पान परतूचा."

मला रडूच फुटलं. रडता रडता मी खरं काय लिहिलंय ते सांगितलं, तिन्ही ओळी, 'फसवतात'सकट. नवी पोथी, उरलेली पानं, पलंगाखालून बघितलेलं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. 'फसवतात' या शब्दाला त्यांनी एकदा मान खाली घातली. मग मला पदराने तोंड पुसायला दिलं आणि विचारलं, "पानां किती उरली?"

"पाच."

"पाच?" त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "बाई लांब बसलेली म्हणान बरा. उद्या बाजूक बसतली. अक्षरां कशी आसत ती बघूक."

शाळेतल्या बाई उद्या शेजारी बसणार होत्या. त्यांनीच आणलेल्या पोथीत डोकावणार होत्या. मला आता बोट रोखायचीसुद्धा गरज उरली नव्हती. मी नुसती घरी बसले असते तरी गौप्यस्फोट आपोआप झाला असता. गॅलरीतून आईची हाक आली. काकू एवढंच म्हणाल्या, "जा आता. आवस हाक मारता," आणि वही माझ्या हातात दिली. ते पान फाडलंही नाही. कुणाला सांगू नको, असंही त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

गुरुवारी मी सगळ्यांच्या आधी काकूंकडे जाऊन त्यांच्या पाटाच्या शेजारी, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले. बाई आल्या, म्हणाल्या, "सरक गं बाळ, मला बसू दे इथे." मी सरकले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या माणसाने सरक म्हटल्यावर सरकले नाही. आईने दारातून डोळे वटारले. तेव्हा काकू आपल्या उंबऱ्याबाहेरच्या मराठीत म्हणाल्या, "असू दे हो, बसू दे तिला इथेच. पुढे येऊन बसलेली बरी. पलंगाखाली धूळ फार आहे."

सगळ्या बायका खळखळून हसल्या. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मी लालेलाल झाले, पण जागा सोडली नाही. बाई मागे जाऊन बसल्या.

काकू वाचू लागल्या. मी पोथीवर नजर ठेवून मनात शब्द मोजत होते, आणि पानाचा शेवटचा शब्द त्यांच्या तोंडी आला की त्यांच्या गुडघ्याला हात लावत होते. ठरलेलं काही नव्हतं, तरी हात लागला की पान उलटत होतं. मागून बाईंनी दोनदा मान उंचावून बघितलं. दोन्ही वेळा कहाणी आणि पान एकाच जागी होतं. शेवटचा शब्द आणि शेवटचं पान बरोबर संपले. बाई म्हणाल्या, "ऐकावी तर यांच्या तोंडून." काकूंनी मला प्रसाद दोनदा दिला.

मग मी अर्थातच आभाळाला टेकले. काकूंना आपण वाचवलं, आपल्यावाचून त्यांचं काही चालणार नाही, या थाटात मी आठवडाभर वावरले. गंमत म्हणजे मला त्यांना वाचायला शिकवायचं मात्र सुचलं नाही. गुडघ्याला हात लावण्यातच मी तृप्त होते. तिसऱ्या गुरुवारी मी पुन्हा जाऊन बसले. मध्यावर कुठेतरी माझं लक्ष शिऱ्यावरच्या बेदाण्यांकडे गेलं. भानावर आले तेव्हा कळलं. हात लावायचा राहिला होता. मी घाबरून पोथीकडे बघितलं. पान उलटलेलं होतं, बरोबर त्याच शब्दाला.

पुढच्या पानाला मी मुद्दामच हात लावला नाही. तेही बरोबर उलटलं. त्याच्या पुढचंही. शेवटपर्यंत असा फक्त एकाच गुरुवारी मी गुडघ्याला हात लावला होता, आणि नव्या पोथीतली सगळी पानं कुठे उलटतात हे काकूंना तेवढ्यात पाठ झालं होतं. त्यांना माझी गरज उरली नव्हती. माझा चेहरा एवढासा झाला असणार. काकूंनी वाचता वाचता एकदा माझ्याकडे बघितलं.

चौथा गुरुवार शेवटचा, उद्यापनाचा. मी त्यांच्या शेजारी बसायला गेलेच नाही. मागे भिंतीशी पोरींच्या ओळीत बसले. काकू पाटावर बसल्या, पोथी उघडली आणि थांबल्या. मग पाटाशेजारची सतरंजी हाताने दोनदा थोपटली. मी उठून पुढे गेले.

वाचन सुरू झालं. पहिलं पान संपत आलं, शेवटचा शब्द झाला. काकूंचा हात पानाच्या कोपऱ्यावर होता, आणि त्या थांबल्या होत्या. बायका डोळे मिटून बसल्या होत्या. मागून कुणीतरी खाकरलं. काकू पान उलटेनात, पुढचा शब्द बोलेनात.

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्यांनी पान उलटलं.